प्रश्न कुणाच्या घरचा?

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय 'आरोग्य, विज्ञान आणि तंत्रज्ञान: संशोधनातलं वैविध्य'. नाव भारदस्त झालंय, पण मला जे बोलायचंय ते साधं आहे आणि बरीच वर्षं मनात घेऊन फिरतेय, म्हणून अध्यक्ष सरांचा फोन आला तेव्हा मी तारीखसुद्धा न विचारता हो म्हटलं. मी ३१ वर्षं कॉलेजात झूलॉजी शिकवली. इथे बसलेल्यांपैकी निदान सातआठ जणांनी माझ्या समोर झुरळ कापलंय, त्यामुळे ओळखीत वेळ घालवत नाही.

वैविध्य म्हटलं की आपण विषय मोजायला लागतो. कॅन्सर आहे, एआय आहे, नॅनो आहे, बायोटेक आहे, झालं वैविध्य. मला ते पटत नाही. विषय शंभर असतील, पण प्रश्न विचारणारे सगळे एकाच घरातले, एकाच शाळेतले, एकाच शहरातले असतील तर शंभरही विषयांत तेच तेच दिसत राहतं. कुठलंही संशोधन समोर आलं की मी आधी बघते, हा प्रश्न कुणाच्या घरचा? कुणाला तो रात्री झोपू देत नव्हता?

आता एक विचारते. इथे विंचू कुणाकुणाला चावलाय? हात वर करा, लाजू नका. बघा, मागच्या तीन रांगांत किती हात आहेत, आणि पुढच्या दोन रांगांत मिळून एक. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. मराठवाड्यातल्या गरीब घरचा मुलगा, कोकणात पहिल्यांदाच. आणि तिथे त्याच्यापुढे लाल विंचू चावलेली पोरं यायला लागली. कोकणात विंचू कुठे असतो ते तुम्हाला माहितीय, जांभ्या दगडाच्या फटीत, सरपणात, पेंढ्यात, चपलेत. पोर घामाने डबडबलेलं, उलट्या करतंय, हातपाय बर्फासारखे गार, आणि काही तासांत छातीत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस. वरच्या हॉस्पिटलला न्यायचं तर वाटेतच खेळ संपायचा. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकात विंचवावर फारसं काही नव्हतं. का नव्हतं? पुस्तक लिहिणाऱ्यांच्या घरात विंचू निघत नव्हता, हे माझं उत्तर. तुमच्या मघाच्या हातांनी तेच सांगितलं.

मग या माणसाने काय केलं, तर रुग्णाच्या खाटेशेजारी ठाण मांडलं. नाडी किती, ब्लड प्रेशर किती, घाम कधी सुटला, पाय कधी गार पडले, कधी परत गरम झाले, रात्रभर बघायचं आणि लिहून ठेवायचं. मंडळी, इथे मला थांबायचंय, कारण आपण संशोधन म्हटलं की मोठी मशीन डोळ्यांपुढे आणतो, इथे मशीन काय होतं, तर बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि वही. आणि पाय गार आहे का गरम हे बघायला डॉक्टरचा तळहात! पाय गरम व्हायला लागले म्हणजे पोर सुधारतंय, हे लक्षण पुढे जगभरच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडलं.

या नोंदींतून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लिखाण छापून आलं. लंडनचं 'लॅन्सेट', वैद्यकातलं जगातलं एक सगळ्यात जुनं आणि मानाचं नियतकालिक, आणि पत्ता महाडकडचा. पण नुसती लक्षणं ओळखून पोर वाचत नाही ना. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसात पाणी साठतं, हे त्यांना कळलं होतं. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं काहीतरी पाहिजे. असं औषध होतंच, प्राझोसिन, ब्लड प्रेशरची साधी गोळी. ती त्यांनी विंचवाच्या रुग्णांना दिली, हिशोब ठेवला, आणि १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. आधी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण दोन-तीनाच्या घरात आलं. औषध जुनं होतं, स्वस्त होतं, दुकानात होतं, पण विंचवापाशी कुणी नेलं नव्हतं.

अजून दोन गोष्टी, मग पुढे जाते. एक, त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यासुद्धा डॉक्टर, आणि पेपरांवर त्यांचंही नाव आहे. आपण गोष्ट सांगताना ते नाव गाळतो, कृपा करून गाळू नका. दुसरी, २०११ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोघांनी चाचणी छापली, की नुसतं प्राझोसिन देण्यापेक्षा प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस दोन्ही दिली तर रुग्ण लवकर बरा होतो. ज्या गोळीने आपलं नाव झालं ती एकटी पुरत नाही हे स्वतःच मोजून स्वतःच सांगायचं, मला याचं फार मोल वाटतं.

तसंच गडचिरोली. तिथे काम करणारं डॉक्टर जोडपं, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग. १९८९ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आहेत, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. राणीताईंनी बायकांशी बोलून, विश्वास मिळवून हा प्रश्न बाहेर काढला. पुरुष डॉक्टरला तो दिसला असता का, मला शंका आहे.

आणि त्यांचं ते श्वास मोजायचं यंत्र! बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वास मोजून कळतं, तान्ह्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त झाले की धोका. पण गावातल्या दायांना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. आता आपल्याकडे कुणी म्हटलं असतं, दायांना आधी शाळेत घाला. त्यांनी काय केलं, तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ घेतलं आणि सोबत मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की उपचार सुरू. तंत्रज्ञान म्हणजे हे, म्हाताऱ्या दाईच्या बोटांना जमेल असं. पुढे १९९९ साली त्यांनी छापलं की ३९ गावांत गावच्याच बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, त्याचं मूळ तिथे आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, वीस मिनिटं राहिलीत. पण एक दुखणं आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती एमएस्सीला. नाव सांगत नाही. इथली, सोलापूरचीच, घरी तेलुगू, शाळा मराठी, आई विड्या वळणारी. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात हे काम झालंय, तेव्हा मी काय सांगू, रात्री पान भिजवायचं, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि हजार विड्यांच्या हिशोबाने पैसे. ही मुलगी माझ्याकडे एक वही घेऊन आली. पहिल्या पानावर आईचा दिवस. पहाटे ५:१० उठली, खोकला तीन वेळा. सूप मांडीवर घेतल्यापासून अर्ध्या तासात खोकला किती. जेवायला उठल्यावर किती. काम बंद असलं त्या दिवशी किती. खिडकी उघडी असताना किती, पावसामुळे बंद असताना किती. चाळीस दिवस! मला म्हणाली, मॅडम, गल्लीत अशी साठ घरं आहेत, मला यावर पीएचडी करायचीय.

माझ्या अंगावर काटा आला, कारण हीच ती बिरवाडीची वही, फक्त खाट बदललीय. मी तिला घेऊन गाईडकडे गेले. गाईड चांगले होते, विद्वान होते, वाईट माणूस मुळीच नाही. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, हे सोशल वर्कवाल्यांचं काम, आपल्या डिपार्टमेंटमध्ये बसत नाही, तू एक एन्झाइम घे, आपल्याकडे जुना थिसिस आहे, त्याच पद्धतीने दुसऱ्या वनस्पतीवर कर, तीन वर्षांत सुटशील. मी भांडले. म्हटलं, फुप्फुसाची क्षमता मोजायचं साधं यंत्र आणू, घरातल्या हवेतली धूळ मोजू, मेडिकलचा एक सहगाईड घेऊ, एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचा अभ्यास तपासणाऱ्या समितीची, परवानगी काढू. सहा महिने फाईल फिरली. मेडिकलवाले म्हणाले ही झूलॉजीची, झूलॉजीवाले म्हणाले हे मेडिकलचं. शेवटी मुलीने एन्झाइम घेतलं. पीएचडी झाली तिची, नोकरीही लागली, आणि ते एन्झाइमही वाईट नव्हतं. पण आईच्या खोकल्याचं काय झालं? ती वही तिच्या माळ्यावर आहे, गेल्या दिवाळीत मी विचारलं तेव्हा म्हणाली.

दोन डिपार्टमेंटच्या मधल्या बोळात किती प्रश्न असे पडून असतात याचा मला मनापासून राग येतो. आणि त्याच वेळी छापण्याची घाई बघा. २०१८ साली 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल तपासली, त्यातली धड निकषांत बसली फक्त ११२. म्हणजे एवढी मेहनत, एवढे पैसे, आणि छापायचं कुठे तर जिथे कुणी वाचत नाही, तपासत नाही.

दारं बंद करण्याची सवय जुनी आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तर मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. हटून बसल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी घेतलं, तेही वर्षभराच्या अटीवर. त्यांनी काम कशावर केलं, तर दुधातली, डाळींमधली प्रथिनं, पुढे केंब्रिजची पीएचडी १९३९ साली, आणि मुंबईला परत येऊन नीरेवर संशोधन, गरीब घरातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो का म्हणून. ताटातलं, पेल्यातलं विज्ञान. दार उघडलं नसतं तर हे प्रश्न कुणी घेतले असते?

दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग खरं जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता पळत पळत सांगते, विज्ञान आणि तंत्रज्ञान.

फलटणची निंबकर संस्था, शेती आणि जनावरांवर संशोधन करणारी. आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. सुंदरबनातली गरोळ मेंढी छोटीशी, पण तिला जुळी-तिळी होतात, एका जनुकातल्या बदलामुळे. तो बदल दख्खनी मेंढीत आणला, कुठल्या कोकरात तो उतरलाय हे डीएनए चाचणीने बघितलं, आणि नारी सुवर्णा ही नवी मेंढी तयार झाली. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जुळी देणाऱ्या बुरूला मेंढीतही अगदी हाच बदल सापडला, अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून तिकडे मेंढ्या गेल्या होत्या. पण मला महत्त्वाचं काय वाटतं, तर कळपात ती मेंढी टिकते का, दुसऱ्या कोकराला दूध पुरतं का, चालताना दोन पिल्लं सांभाळता येतात का, याची उत्तरं धनगरांकडे होती. प्रयोगशाळा आणि मेंढरांचा वाडा दोन्ही लागले.

आणि नारायणगावजवळचं खोडद, तिथली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, प्रा. गोविंद स्वरूप यांची कल्पना. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव केल्या तर वजन आणि खर्च परवडणार नाही, म्हणून स्टीलच्या दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी ताणली. वारा आरपार जातो, आणि लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच असते. हा प्रश्न कुणाच्या घरचा म्हणाल तर आकाशाचा, रोजच्या पोटाशी त्याचा काही संबंध नाही, आणि तरी तो मला हवाच आहे. उपयोगाचं तेवढंच संशोधन करा असं मी म्हणत नाहीये, हे नीट ऐका. खोकला हवा आणि आकाशगंगाही हवी. २८ फेब्रुवारीला तिथे गावोगावची शाळकरी पोरं येतात, स्वतःचे प्रकल्प घेऊन, एकदा जाऊन बघा.

पाच मिनिटं. मागण्या सांगते. दोन विभागांचे दोन गाईड असलेली पीएचडी सहज मंजूर झाली पाहिजे, फाईल फिरता कामा नये. एथिक्सची परवानगी कशी काढायची हे पहिल्या वर्षालाच शिकवा, त्याची भीती घालू नका, कारण माणसांना विचारल्याशिवाय त्यांच्या अंगावर अभ्यास करायचा नाही हे मी कधीच सोडणार नाही. ज्यांच्या घरात जाऊन माहिती घेतली त्यांना चार पानं मराठीत, तेलुगूत, कन्नडात, त्यांच्या भाषेत परत द्या. प्रयोग फसला तर तेही छापा, पुढचा त्याच खड्ड्यात पडणार नाही. आणि शिक्षकांनो, विद्यार्थी वही घेऊन आला तर ती शेवटच्या पानापर्यंत वाचा.

हे कुणीतरी करेल म्हणून मी थांबलेली नाही. येत्या रविवारपासून सकाळी १० वाजता याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी बसणार आहे. नोंद कशी ठेवायची, तक्ता कसा आखायचा, किती घरं घेतली तर आकड्यांना अर्थ येतो, परवानगीचा अर्ज कसा लिहायचा, एवढं शिकवीन, फी नाही. विडीवाल्या, यंत्रमागवाल्या, ऊसतोडीच्या घरातली मुलं आधी. लॅपटॉप नको, शंभर पानी वही आणि पेन पुरे, आणि पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहून आणा.