मामा म्हटलं की बायका वळून बघतात

(वस्तीतलं छोटं मैदान, लाल घसरगुंडी. चार वर्षांची मुलगी हाक मारत कॅमेऱ्याकडे धावते. बाकावरच्या दोन बायका एकदम मान वळवतात.)

हा शॉट पुन्हा दाखवतो, कारण पहिल्यांदा माझंही लक्ष गेलं नव्हतं. भाची मला हाक मारते आहे, "मामा!" आणि बाकावरच्या दोघी चमकून बघतात. जपानीत मामा म्हणजे आई. आपलंच मूल बोलावतंय असं त्यांना वाटलं, आणि मूल येऊन बिलगलं ते दाढीवाल्या माणसाला. नऊ दिवसांत हे इतक्यांदा झालं की मी मोजणं सोडून दिलं.

तर मी मामा. कॅमेरा माझा, घर ताईचं. गाव पश्चिम जपानातलं, ओकायामा शहरापासून लोकलने अर्ध्या तासावर. ताई इथे शाळेत इंग्रजी शिकवते. दाजी आहेत, भाचा दुसरीत आहे, आणि ही भाची पाळणाघरात जाते.

(अंधार. स्वयंपाकघरातला एकच दिवा. तव्यावर पोळी फुगते.)

सकाळी पावणेसहा. कणीक कोबेच्या भारतीय दुकानातून कुरिअरने येते. दहा किलोची पोती दाजी दारातच उघडतात, कारण एकदा एकात पोरकिडे निघाले होते. पोळ्या दोन डब्यांसाठी, ताईच्या आणि दाजींच्या. मुलांना दुपारचं जेवण शाळेत आणि पाळणाघरात मिळतं.

(टेबलावर उघडी वही. ताई उभ्या उभ्या लिहिते.)

पाळणाघराची ही वही रोज भरून द्यायची. सकाळचा ताप किती, रात्री कधी झोपली, न्याहारीला काय खाल्लं. ताप म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा. आजारी नसली तरी लिहायचा. न्याहारीच्या रकान्यात ताईने लिहिलंय, "पोहे". पहिल्या वर्षी बाईंनी खाली प्रश्न केला होता, हे काय असतं? ताईने उत्तर दिलं, चपटा केलेला तांदूळ. दुसऱ्या दिवशी बाईंचा नवा प्रश्न: तो चपटा कोण करतं?

(रस्ता. दोन लहान खुर्च्या लावलेली सायकल. पलीकडून पिवळ्या टोप्या घातलेल्या मुलांची रांग जाते, पाठमोरी.)

भाचा आईबरोबर जात नाही. वस्तीतली मुलं कोपऱ्यावर जमतात आणि रांगेने चालत शाळा गाठतात. पुढे सहावीतला एक, शेवटी आणखी एक मोठा, मध्ये चिल्लीपिल्ली. पाठीवरच्या टणक दप्तराला रांदोसेरु म्हणतात. शब्द मूळचा डच, आणि एक दप्तर सहा वर्षं पुरतं. पट्ट्याला लोंबतंय ते धोक्याचं बझर. दोरी ओढली की कान फाटतील असं वाजतं. (वाजवून बघितलं. शेजारच्या आजी बाहेर आल्या. तो भाग कापला आहे.)

भाच्याच्या शाळेत मला चित्रण करता आलं नाही. ताई ज्या तीन प्राथमिक शाळांमध्ये जाते त्यांपैकी एकीने परवानगी दिली, अटींसह. मुलांचे चेहरे नकोत, छातीवरची नावं नकोत. म्हणून इथून पुढे तुम्हाला हात, पाय आणि पाठी दिसतील.

(लांब कॉरिडॉर. पांढरे बूट. फळ्यावर इंग्रजी अक्षरं.)

२०२० पासून जपानच्या प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, आणि तिसरी-चौथीला बोलण्या-ऐकण्याची ओळख. वर्गशिक्षक जपानी, त्यांच्या जोडीला ताईसारखी सहायक शिक्षिका. अशा परदेशी सहायकांना सरकारी योजनेतून बोलवायला सुरुवात झाली १९८७ मध्ये. ताई त्या योजनेतली नाही. एका कंपनीमार्फत शाळांना पुरवली जाते. पहिल्या दिवशी मुलांनी तिला हात वर करून विचारलं, तुम्ही रोज करी खाता का? ती म्हणाली, आमच्याकडे आमटी असते. मग वर्गाला 'आमटी' म्हणायला शिकवण्यात पाच मिनिटं गेली.

(साडेबारा. पांढरे अंगरखे, पांढऱ्या टोप्या, मास्क. दोन मुलांचे हात मोठं पातेलं धरून नेतात.)

आता हे नीट बघा. मी याच्यासाठी तासभर कॉरिडॉरमध्ये पाय दुमडून बसलो होतो.

शाळेचं जेवण म्हणजे क्युशोकु. भांडी वर्गापर्यंत आणतात मुलं, वाढतात मुलं. आठवड्याला पाळी बदलते. एकजण भात, एकजण सूप, एकजण कोशिंबीर, एकजण दूध. वाढणाऱ्याच्या हातातला डाव बघा: तिसरीतला मुलगा आहे, आणि तिसाव्या वाटीला पुरेल असा अंदाज घेत पहिली वाटी भरतो. वर्गातलं कुणी आजारी असेल तर त्याचा वाटा उरतो, आणि त्यावर हक्क कुणाचा हे कागद-दगड-कात्रीने ठरतं. शिक्षक वेगळे जेवत नाहीत. ताईही त्यांच्याच बाकावर, त्यांचंच ताट.

मुलांच्या आधी अर्धा तास हे ताट मुख्याध्यापकांकडे जातं. वास, चव, काही सापडलं का, ते चाखून लिहून ठेवायचं. चाखल्याशिवाय वर्गात जात नाही. आपल्याकडे खिचडी चाखून बघण्याचा नियम आहेच. इथे मी ते ताट रिकामं झालेलं बघितलं.

जपानात पहिलं शालेय जेवण १८८९ मध्ये यामागाताच्या त्सुरुओका गावी एका देवळातल्या शाळेत दिलं गेलं. गरीब घरच्या मुलांसाठी भाताचे मुटके, खारवलेला मासा आणि लोणचं. कायदा झाला १९५४ साली.

(कागदाचा जवळून शॉट. महिन्याचा तक्ता, तीन रंगांचे रकाने. ताईचा मार्कर फिरतो.)

हा भाच्याच्या शाळेचा तक्ता. महिनाभराचं जेवण आधीच घरी येतं. लाल रकान्यात अंग भरणारं, पिवळ्यात ताकद देणारं, हिरव्यात तब्येत राखणारं. ताईच्या घरी गाय आणि डुक्कर खात नाहीत. म्हणून ताई महिनाअखेरीला शब्दकोश घेऊन बसते आणि मार्करने खुणा करते. खुणेच्या दिवशी भाचा घरून तेवढी एक भाजी नेतो. बाकीचं सगळं सगळ्यांबरोबर.

शुक्रवारी पाळीवाला अंगरखा घरी आणतो. धुवून, इस्त्री करून, सोमवारी परत. भाच्याची पाळी होती तेव्हा दाजींनी इस्त्री केली, खिशाच्या घडीसकट.

(जेवण संपलं. दुधाचं खोकं धुवून पालथं. मग कॉरिडॉरमध्ये फडक्यांवर हात टेकून धावणारी मुलं.)

जेवणानंतर सफाई. फडक्याला झोकिन म्हणतात. ते घरून आणायचं असतं, जुन्या कापडाचं, दुहेरी शिवलेलं.

(पुणे. म्हाताऱ्या हातात सुई. जुन्या सुती साडीचा तुकडा.)

हे मी निघण्याआधी पुण्यात घेतलं होतं. आईचे हात आहेत. गोधडीला घालते तोच धावदोरा. अशी सहा फडकी तिने माझ्या बॅगेत चकलीच्या डब्याखाली ठेवली. भाच्याच्या वर्गात ती "काठाची फडकी" म्हणून ओळखली जातात.

(स्टेशन. ताई एकटी, फलाटावर. आवाज नाही.)

ताईचा करार एकेका वर्षाचा. मार्चमध्ये संपतो, पुढचा मिळेल का आणि कुठल्या गावी, हे फेब्रुवारीत कळतं.

(संध्याकाळ. दार उघडतं. उंबऱ्याशी बुटांची रांग.)

दारात चपला काढायच्या हे मुलांना वेगळं शिकवावं लागलं नाही. भाचीची एक चप्पल हरवली होती, ती छत्रीच्या मागे सापडली. ऐका, ती काय ओरडते.

(मूळ आवाज : "अत्ता! अत्ता!")

फोनवर पुण्याची आजी होती. तिने विचारलं, "आत्ता? आत्ता काय गं?" जपानीत अत्ता म्हणजे सापडलं.

दाजींचं नशीब याहून वाईट. ताई त्यांना 'अहो' म्हणते. ओसाकाच्या बाजूला आहो म्हणजे मूर्ख. एकदा ओसाकाच्या भाजीबाजारात तिने लांबून दोनदा हाक मारली आणि कांदेवाला दाजींकडे सहानुभूतीने बघायला लागला. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत अहो, बाहेर नावाने. दाजी म्हणतात, मला दोन्ही चालतं.

दाजी पुण्यात मशीन डिझाइन करायचे. इथे त्यांचा व्हिसा ताईच्या आधाराने आहे, आणि अशा व्हिसावर परवाना काढून आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं. रात्रीच्या पाळीला ते दुकानात असतात. दुकानात चित्रण करू दिलं नाही.

(जेवणाचं टेबल. भाचा पुस्तक उभं धरून मोठ्याने वाचतो. बाजूला गुलाबी कार्ड.)

आता माझ्या मते या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. हे कार्ड.

दुसरीच्या मुलाने रोज धडा मोठ्याने वाचायचा आणि घरच्या मोठ्या माणसाने ऐकायचा. आवाज कसा होता, अडखळला का, त्याप्रमाणे कार्डावर गोल करायचा, खाली सही किंवा शिक्का. ताईला जपानी बोलता येतं, पण धड्यातलं सगळं कळत नाही. तरी तिने ऐकायचंच. पहिलीला ऐंशी कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं, होत्या, सहावीपर्यंत १०२६ होतील. भाचा तिला मध्येच थांबवून अर्थ सांगतो, आणि तो कंटाळून सांगतो हे तुम्हाला दिसेलच.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भाच्याने आजीशी फोनवर बोलायचं टाळलं. मराठी कळत होतं, उत्तर मात्र जपानीत यायचं. ताई दिवसभर लोकांच्या मुलांकडून इंग्रजी वदवून घेत होती.

मग तिने हे केलं. तसंच कार्ड, पिवळ्या कागदाचं, हाताने आखलेलं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. तिने दुसरीचं मराठी उतरवून घेतलं, गावातल्या दुकानात छापलं. रोज दहा मिनिटं. जपानी धडा आधी, मराठी नंतर, दोन्हीला शिक्का. शिक्का तोच, कातकाना लिपीत आडनाव कोरलेला, भाडेकरारावर उठतो तो. मराठीच्या वर्गाला ना शाळा आहे ना बाई, म्हणून निदान शिक्का तरी खरा असावा, असं तिचं म्हणणं.

(पिवळ्या कार्डांची चळत. बोटाने फरफर उलटतात.)

ही गेल्या वर्षापासूनची. मोकळे चौकोन आहेत. ताप आलेले दिवस, दाजींची रात्रपाळी, आणि ऑगस्टमधली सलग नऊ घरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. लोक म्हणतात, घरी मराठी बोललं की येतंच. येत नाही. मी सात दिवस कॅमेरा धरून बसलो होतो, म्हणून सांगतो.

(रविवार. कोराकुएन बाग. हिरवळ, तळं, मागे ओकायामाचा काळा किल्ला.)

सुट्टीच्या दिवशी ओकायामा. ही कोराकुएन, १७०० साली पुरी झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. पुणेकरांना ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यान, आपण जिला ओकायामा म्हणतो, ती हिच्या धर्तीवर उभी आहे. भाचा सुट्टीत पुण्याला आला होता, तेव्हा तिच्या दारात उभं राहून आजीला म्हणाला होता, हे आमच्याकडचं छोटं आहे.

आजीचा फोन रविवारी अकरा वाजता. पुण्यात तेव्हा साडेसात, चहा व्हायचा असतो. ती आता धडा ऐकते. तिच्याकडे शिक्का नाही, म्हणून ती फोनवर ताट वाजवते.

(रात्र. न्हाणीघराचं बंद दार. काचेवर वाफ. फक्त आवाज.)

हा शेवटचा तुकडा. दाराबाहेर जमिनीवर कॅमेरा ठेवला होता. भाचा टबमध्ये, ताई बाहेर मोजे गोळा करते आहे.

दुसरीत पाढे असतात. त्याला कुकु म्हणतात, नऊ-नऊ. शाळेत तो म्हणतो, नि इची गा नि, नि निन गा शि, नि सान गा रोकु. घरात बे एके बे. ताईचा नियम, पाण्यातून बाहेर यायचं तर दोन्ही म्हणून यायचं.

(मूळ आवाज, आतून : "...नि हाची ज्युरोकु, नि कु ज्युहाची." थांबतो. मग : "बे एके बे, बे दुणे चार...")

जपानी पाढा नवाला संपतो. पुढे ओळच नाही.

(मूळ आवाज : "...बे आठे सोळा, बे नवे अठरा." पाण्याचा आवाज. ताई मोजे हातात घेऊन दाराशी उभी. काही बोलत नाही. बराच वेळ.)

(आतून : "बे दाहे वीस." दार उघडतं, वाफ लेन्सवर येते.)