वाट पाहण्याची फी

नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘निर्वासित आणि उच्च शिक्षण’. विषय फार मोठा आहे. त्यातल्या एका टेबलावर मी अकरा वर्षं बसले. तिथून जे दिसलं तेवढंच आज सांगणार आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात, आलेल्या विद्यार्थ्याची फी कोणत्या वर्गात धरायची हे ठरवणं माझं काम होतं. वर्ग दोन, ‘होम’ आणि ‘ओव्हरसीज’. होमवाल्यांची पदवीची फी सरकारने बांधून दिलेली असते. २०१७ पासून कित्येक वर्षं ती वर्षाला ९,२५० पौंड होती. ती भरायला सरकारी कर्ज मिळतं, पैसे परस्पर विद्यापीठाकडे जातात आणि ठरावीक पगार सुरू झाल्याशिवाय परतफेड सुरू होत नाही. ओव्हरसीजला वरची मर्यादाच नाही. पंधरा हजार, वीस हजार, प्रयोगशाळेचा विषय असेल तर त्याहून जास्त. आणि त्यांना हे सरकारी कर्ज मिळत नाही.

आता एक शब्द नीट समजून घेऊ. मराठीत आपण सगळ्यांना सरसकट ‘निर्वासित’ म्हणतो. तिकडच्या कायद्यात ज्याने आश्रय मागितला आहे पण ज्याचा निकाल लागायचा आहे, तो आश्रयार्थी. ज्याची मागणी मान्य झाली, तो निर्वासित. मान्यतेचा कागद हाती आला की माणूस होम वर्गात येतो, त्याला कर्ज मिळतं, आणि बाकीच्यांना असलेली तीन वर्षांच्या वास्तव्याची अटही त्याला नसते. पण तो कागद येईपर्यंत आश्रयार्थी ओव्हरसीज. म्हणजे अंगावरच्या कपड्यांनिशी देश सोडून आलेला मुलगा आणि वडिलांच्या पैशावर व्हिसा काढून आलेला मुलगा, दोघं माझ्या यादीत एकाच रकान्यात.

एका मुलाबद्दल सांगते. नाव सांगणार नाही. पंधराव्या वर्षी आईबरोबर इराणहून आला. शाळेत प्रवेश मिळाला. तिथे कुणी कागद विचारून अडवलं नाही, हे मुद्दाम सांगते. सोळा ते अठरा या वयातलं कॉलेजही मोफत झालं. गणित, रसायन, जीवशास्त्र घेतलं, मार्क उत्तम. फार्मसीला जायचं ठरलं. वर्गातल्या इतर मुलांबरोबर त्यानेही विद्यापीठाचा सामायिक अर्ज उघडला, आणि त्यात निवासाचा वर्ग विचारणारा एक रकाना आला. तोपर्यंत तो वर्गातल्या इतरांसारखाच एक मुलगा होता.

त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. नियम स्पष्ट होता. वर्षाला चोवीस हजार पौंडांच्या आसपास फी सांगणारं पत्र मी स्वतः छापलं. आता त्या घरात पैसा किती होता ते ऐका. आश्रयार्थीला तिथे राहायला जागा मिळते आणि आठवड्याला भत्ता मिळतो. २०२४ मध्ये तो माणशी ४९.१८ पौंड होता. जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलेलं असेल तर ८.८६. मायलेकांचा वर्षाचा भत्ता मिळून पाच हजार शंभर पौंडांच्या आसपास होतो. त्यात खाणं, कपडे, साबण, फोन, सगळं. नोकरी करावी म्हणाल तर परवानगी नाही. निकालाला बारा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर परवानगी मागता येते, तीही सरकारने ठरवलेल्या मोजक्या कामांसाठी. आई इराणमध्ये वकील होती. तिने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मला ‘थँक यू’ म्हणाली. ते ‘थँक यू’ माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं बाविसावं कलम मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. प्राथमिक शिक्षण देशाच्या नागरिकांप्रमाणे द्या, असं ते म्हणतं. त्यापुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या प्रमाणपत्रांना मान्यता, फीमाफी आणि शिष्यवृत्ती यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि शक्य तितकी अनुकूल वागणूक द्या, निदान इतर परदेशी लोकांपेक्षा कमी नको, असं म्हटलं आहे. म्हणजे फीचा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी कराराच्या मजकुरात लिहिलेला आहे. तो कुणाला सुचला नव्हता असं म्हणायला जागा नाही.

मग शिष्यवृत्त्या आल्या. शेफील्ड शहरात २००५ साली, आमच्या गावात आश्रयाला आलेल्यांचं स्वागत आहे, असं म्हणणारी चळवळ सुरू झाली. पुढे ती विद्यापीठांत पोचली आणि बऱ्याच विद्यापीठांनी आश्रयार्थींसाठी थोड्या जागा फीमाफीने ठेवल्या. थोड्या म्हणजे खरंच थोड्या, एका विद्यापीठात वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्याकडेही सुरू झाली. या मुलाला दुसऱ्या वर्षीच्या प्रयत्नात ती मिळाली. फी शून्य. आम्ही सगळे खूश.

ऑक्टोबरमध्ये तो वर्गात दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, आजारी नाही, बसला पैसे नाहीत. आश्रयार्थीला राहायची जागा निवडता येत नाही, देतील तिथे राहायचं. त्यांचं घर दोन बस बदलून यायच्या अंतरावर. दिवसाचा पास पाच पौंड, आठवड्याचे चार दिवस, म्हणजे वीस पौंड. एकोणपन्नासमधून वीस गेले की माणूस जेवणार काय? चोवीस हजार आम्ही कागदावर माफ केले होते आणि वीस पौंडांची सोय कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. हे मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. त्या योजनेचा तक्ता बनवणाऱ्यांत मीही होते.

मग आम्ही दुसरी चूक केली. त्याच्या आधी आलेल्या एका मुलीला घाईघाईने रोख पैसे दिले. रोख मिळालेली रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते आणि भत्ता कापला जाऊ शकतो. तिच्या भत्त्याची चौकशी सुरू झाली. आपण चांगलं करायला जातो आणि समोरच्याच्या चुलीवरचं भांडं उतरतं. तिथून आम्ही शिकलो, वस्तू द्यायची. बसचा पास, कॅन्टीनचं कार्ड, लॅपटॉप, प्रयोगशाळेचा कोट, इंग्रजीच्या परीक्षेची फी. चांगल्या शिष्यवृत्तीत हे सगळं लिहिलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था १९९२ पासून जर्मन सरकारच्या पैशावर आइन्स्टाईनच्या नावाने एक शिष्यवृत्ती चालवते. तिच्यात फीबरोबर पुस्तकं, राहणं, जेवण, प्रवास धरलेला आहे. ज्यांनी ती आखली त्यांनी बसचा विचार केला होता. जगातल्या निर्वासित तरुणांपैकी २०१९ मध्ये उच्च शिक्षणात १ टक्का होते, आता ते ७ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत, २०३० पर्यंत १५ टक्के करायचं ठरलं आहे. हे आकडे हलतात ते अशा बारीक तरतुदींनी.

मला विचारतात, सरकारकडे पैसे नसतील तर काय करणार? २०२२ साली युक्रेनमधून लोक आले. त्यांच्यासाठीच्या योजनेतून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्लंडने लगेच होम वर्गात घेतलं, कर्ज दिलं, तीन वर्षांची अट काढून टाकली. उत्तम केलं. त्या उन्हाळ्यात माझ्याच टेबलावरून ते अर्ज झरझर पुढे गेले, आणि त्याच ढिगात सुदानच्या, इराणच्या मुलांचे अर्ज ‘ओव्हरसीज’ म्हणून पडून राहिले. होतं ते एका आदेशाने होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता आपल्याकडे वळते. १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या छावणीत राहिली, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. त्याच वर्षी प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी हैदराबादचं, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादचं, आपलं नॅशनल कॉलेज वांद्र्यात पुन्हा उभं केलं. विस्थापित विद्यार्थ्यांना सरकारने विद्यावेतनं दिली, कर्जं दिली. पण माझ्या मते सगळ्यांत मोठी मदत राज्यघटनेच्या सहाव्या कलमात आहे. त्या कलमाने १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक मानलं, नंतर आलेल्यांना सहा महिने राहून नोंदणी करायला सांगितलं. कॉलेजच्या खिडकीशी ‘तू कोण’ हा प्रश्नच उरला नाही. कष्ट त्यांनी अफाट केले, पण त्यांना वाट पाहायला लावली नाही.

आणि अलीकडचं पुणं. इथे अफगाण विद्यार्थी कित्येक वर्षं शिकत आले आहेत, अनेक जण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. दहा दिवसांनी आधी दिलेले व्हिसा रद्द झाले, सुट्टीत घरी गेलेले तिकडेच अडकले. इथे असलेल्यांची दुसरी अडचण. माझ्या बहिणीच्या इमारतीत एक मुलगा भाड्याने राहत होता. तिकडच्या बँका बंद, घरून पैसे बंद, एम. ए. संपत आलेलं. शिक्षण संपलं की विद्यार्थी म्हणून राहण्याचा आधार संपतो. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. मग अशी मुलं नको असलेल्या आणखी एका कोर्सला नाव घालतात, परदेशी विद्यार्थ्याची कित्येक पट फी भरून. बहिणीने पहिल्या दोन महिन्यांचं भाडं घेऊ नका म्हणून घरमालकांशी भांडण केलं आणि जिंकलं. ती इथे बसली आहे, तिला आवडणार नाही, तरी सांगते.

इराणच्या मुलाचं काय झालं, हे विचारणार आहात हे माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर निकाल लागला, मान्यता मिळाली. आश्रय मागून चारपेक्षा जास्त वर्षं झाली होती. आता तो कर्जाला पात्र होता, तर आईने व्याजाचं कर्ज नको म्हटलं, धर्मात बसत नाही. बिनव्याजी पर्याय देण्याबद्दल तिकडच्या सरकारने २०१४ मध्ये लोकांची मतं मागवली, २०१७ मध्ये कायद्यात तरतूद केली, आणि मी ते टेबल सोडलं तोवर पर्याय काही आला नव्हता. आमची फीमाफी चालू ठेवायला समितीला तीन बैठका लागल्या. समितीतल्या एकाने विचारलं, ‘आता तर तो निर्वासित आहे ना, मग अडचण काय?’

तुमच्यात कॉलेजांच्या नियामक मंडळांवर असलेले लोक आहेत, मला दोन ओळखीचे चेहरे दिसत आहेत. तुमच्या प्रवेश अर्जात देश सोडावा लागलेल्या विद्यार्थ्यासाठी एखादा रकाना आहे का, आणि विद्यार्थी साहाय्य निधीतून त्याला बसचा पास देता येतो का, एवढं पाहा. आम्ही शेवटी जो अर्ज बनवला, त्याचं मराठी रूपांतर करून वीस प्रती आणल्या आहेत. चहाच्या टेबलावर ठेवते.