खलनायक कोणत्या बाकावर बसतो?

नमस्कार मंडळी.

आपल्या युवा शाखेने यंदाच्या नाटुकल्यासाठी विषय घेतलाय : सुपरहिरो आणि खलनायक एकाच हायस्कूलमध्ये शिकत असते तर? तालमी सुरू होण्याआधी चार शब्द बोलायला मला सांगितलंय. या वयातही कॉमिक्स वाचणारा दुसरा कुणी मंडळात सापडला नसावा.

सुपरहिरोला शाळेत बसवायची ही हौस जुनीच. १९६२ साली स्पायडरमॅन पहिल्यांदा छापून आला, तेव्हा पीटर पार्कर हायस्कूलचाच विद्यार्थी होता. तोवर त्या वयाच्या पोरांच्या वाट्याला बहुतेक दुय्यम काम यायचं. रॉबिनसारखं बॅटमॅनच्या मागे पळायचं. पीटरच्या वर्गातला दांडगट म्हणजे फ्लॅश थॉम्पसन. तो पीटरला उठता-बसता छळतो, आणि स्पायडरमॅनचा मात्र पक्का भक्त! ही गंमत शाळेतच रंगते. मोठी माणसं इतकी उघड दादागिरी करत नाहीत. (मागच्या रांगेतले हसू नका, तुमची ऑफिसं मला ठाऊक आहेत.)

पण पोरांनो, खलनायक लिहायचाय ना? मग सुपरमॅनचा कट्टर वैरी ल्यूथर, त्याची १९६० सालची गोष्ट शोधून वाचा.

स्मॉलव्हिल गावात सुपरबॉय, म्हणजे पोरवयातला सुपरमॅन, आणि लेक्स ल्यूथर, दोघेही मिसरूड न फुटलेले. लेक्स सुपरबॉयचा चाहता. सुपरबॉयला घातक असलेल्या क्रिप्टोनाइट खनिजाच्या तावडीतून लेक्स त्याचा जीव वाचवतो. सुपरबॉय उपकार फेडायला त्याला अद्ययावत प्रयोगशाळा बांधून देतो. तिथे लेक्स क्रिप्टोनाइटवर उतारा शोधत असतो, म्हणजे मित्रासाठीच राबत असतो, आणि आग लागते. सुपरबॉय धावत येऊन फुंकर मारतो. आग विझते, पण रसायनं सांडतात, सगळं संशोधन मातीत जातं आणि लेक्सचे केस कायमचे गळतात. लेक्सची खात्रीच पटते, की आपल्या हुशारीवर जळून यानं हे मुद्दाम केलं.

इथेही गोष्ट थांबत नाही. गावाला आपली हुशारी दाखवायला लेक्स मोठमोठे प्रकल्प उभारतो, ते अंगाशी येतात, आणि दर वेळी निस्तरायला येतो तो सुपरबॉयच. गाव टाळ्या वाजवतं. ज्याचा राग आहे त्यानंच पुन्हा पुन्हा वाचवायचं, याहून मोठा अपमान त्या वयात कोणता? केस गळण्यावर लोक हसतात, पण माझ्या मते खरा ल्यूथर या टाळ्यांनी घडवला.

तुमच्या कच्च्या संहितेत खलनायक पहिल्या प्रवेशापासूनच ‘हा हा हा’ करत येतो. त्याला आधी कुणाचा तरी मित्र करा.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. २०१५ मध्ये सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसी कंपनीने खेळण्यांच्या कंपनीला सोबत घेऊन मुलींसाठी गोष्टींतली अशीच एक शाळा काढली. अमांडा वॉलर मुख्याध्यापिका, एरवीच्या खलनायिकांपैकी हार्ली क्विन वंडर वुमनची रूममेट, तर पॉयझन आयव्ही लाजाळू. लहान मुलींना ते आवडलं, माझ्या घरीही त्या बाहुल्या आल्या. पण सगळेच गोड झाल्यावर भांडायचं कुणाशी?

तुमच्या यादीत ‘एक्स-मेन’ कॉमिक्समधला खलनायक मॅग्नेटोही दिसला, स्केटबोर्ड घेऊन. त्याला मात्र मी काढायला सांगेन. शाळेत जायच्या वयात तो आउश्वित्झच्या छळछावणीत होता, असं त्याचं कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीच्याच कथा सांगतात. त्या पोराला लॉकर आणि प्रॉमच्या नाचाची तिकिटं देऊन चालणार नाही.

अगदीच हवा असेल, तर त्याला मोठाच ठेवा. १९८५ च्या कथेत एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेवियरनं आपली शाळा त्याच्याच हाती सोपवली होती आणि नव्या पिढीच्या म्युटंट, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या, पोरांना शिकवायची जबाबदारी त्याच्यावर आली होती. मुख्याध्यापकांची भूमिका अजून कुणाला दिलेली नाही, असं दिग्दर्शिका म्हणाल्या. चहानंतर त्याबद्दल बोलू.