पुठ्ठा आला, पण लगदा कुठला?

नमस्कार मंडळी.

प्लास्टिकबंदी आपल्या बेळगाव भागाला नवी नाही. कर्नाटकानं ती मार्च २०१६ मध्ये आणली, महाराष्ट्रानं जून २०१८ मध्ये, आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी देशभर लागू झाली. पेले, ताटं, चमचे, स्ट्रॉ, एवढंच काय, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात ते पातळ प्लास्टिकसुद्धा त्या यादीत आहे. म्हणजे राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, या वस्तूंना बंदीच. तरी पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो, आणि पाणी ओसरल्यावर भातात काय काय अडकलेलं असतं, ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा.

प्लास्टिकच्या जागी आता लाकडाच्या, बांबूच्या, उसाच्या तंतूंपासून केलेलं पॅकिंग येतंय. मी त्याच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. पण ते घेताना दोन गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नका: वर लेप कशाचा आहे, आणि आतला लगदा कुठून आला.

अंड्यांचा करडा ट्रे सगळ्यांनी हाताळलाय. रद्दीचा लगदा भरपूर पाण्यात कालवतात, त्यात जाळीचा साचा बुडवतात आणि मागून हवा ओढतात. पाणी जाळीतून निघून जातं, तंतू साच्यावर बसतात. मग वाळवायचं. गुळगुळीत ताट हवं असेल तर गरम साच्यात दाबायचं. ट्रे उलटा करून बघा, एका बाजूला जाळीचे बारीक ठसे दिसतात. यात गोंद लागत नाही. पाणी निघून जाताना सेल्युलोजचे तंतू आपसूकच एकमेकांना धरतात. आणि पाणी परत आत शिरलं की तीच पकड सुटते. म्हणून नुसत्या तंतूंच्या वाटीत रस्सा फार वेळ टिकत नाही, आणि म्हणून कारखानदार त्यावर लेप चढवतो.

हा चहाचा कागदी कप बघा. सकाळपासून पाण्यात होता. बाहेरचा कागद बोटानं चोळला की गळून पडतो, आणि आतून हा निघतो पारदर्शक पापुद्रा. हे पॉलिथिन आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे कप तपासले. १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. आपण लग्नात, सभेत ‘कागदी’ म्हणून निर्धास्त घेतो तो हाच कप.

तेल-तूप अडवायला दुसरी युक्ती असते पीएफएएस नावाच्या रसायनांची. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत, साठत जातात. डेन्मार्कनं जुलै २०२० पासून खाण्याच्या कागदी-पुठ्ठ्याच्या वेष्टनात त्यांना मनाई केली. अमेरिकेतही तेल न झिरपण्यासाठी वापरली जाणारी ही रसायनं बाजारातून काढून घेतल्याचं २०२४ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं जाहीर केलं. ऊस आणि बांबूच्या ताटांतही ती सापडलेली आहेत, तेव्हा ‘नैसर्गिक’ एवढ्या छापील शब्दावर समाधान मानू नका.

आता लगद्याकडे येऊ. खानापूर ओलांडून पुढे गेलं की दांडेली लागते. तिथली कागद गिरणी १९५५ सालची, आणि तिचा कच्चा माल होता जंगलातला बांबू. बांबू इतका झपाट्यानं कमी होऊ लागला की १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना कर्नाटकात त्याचा अभ्यास करावा लागला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. ते साफ केलं तर बांबू मोकळेपणानं वाढेल, असं वनखात्याचं मत. गावकरी म्हणत होते, काटे काढले की कोवळे कोंब गुरं खातात. गाडगीळांनी बेटं मोजून पाहिली, तर गावकऱ्यांचंच खरं निघालं. हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. प्लास्टिक हटवायचं म्हणून उद्या लगद्याची मागणी वाढली आणि तिचा भार कणकुंबी-जांबोटीच्या रानावर पडला, तर मलप्रभा नदीच्या उगमावरच आपण कुऱ्हाड चालवली असं होईल.

आपल्याला तशी गरजही नाही. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, सगळा ऊसपट्टा. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, निघतं, त्यात निम्मं पाणी. त्यातला मऊ भुसा वेगळा काढला तर उरलेला तंतू ताट-वाटीला चांगला चालतो. अडचण अशी की कारखान्याला तेच बॉयलरला लागतं, त्यावर वीज होते आणि ती विकलीही जाते. गाळप हंगामी, माल वर्षभर साठवायचा, भिजला तर कुजतो. तरी थोडं बगॅस बाजूला काढून त्याचा उद्योग इथंच उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला जोड द्यायची ती शेताच्या बांधावर लावलेल्या बांबूची.

सगळंच तंतूत बसेल असंही नाही. दुधाची पिशवी पुठ्ठ्याची होणार नाही. ती परत गोळा करणं हाच मार्ग. निपाणीच्या गुळाला हवेतली ओल चालत नाही, पावसाळ्यात तो पाझरतो, तेव्हा आत पातळ वेष्टन राहणारच. आपल्या बेळगावी मिठाईचं, कुंद्याचं, मात्र जमण्यासारखं आहे. तो तूप सोडतो, साध्या पुठ्ठ्याला लगेच डाग पडतो. पण लगदा जास्त वेळ कुटून तंतू दाट बसवलेला कागद मिळतो, त्यातून तूप सहजासहजी झिरपत नाही आणि त्याला प्लास्टिकचा लेपही लागत नाही. खोक्यात तो अंथरला तर चार दिवसांच्या विक्रीला पुरेसा आहे. मिठाईवाल्यांनी पुरवठादाराकडून नमुना मागवावा, त्यात कुंदा भरून उन्हाळ्यात दोन दिवस ठेवून बघावा, आणि लेपात पॉलिथिन किंवा पीएफएएस नाही हे बिलावर लिहून घ्यावं. मंगल कार्यालयवाल्यांनी ताटांची ऑर्डर देताना हेच करावं.