मर्यादा पाच लाखांची, दर पॅकेजचा

नमस्कार, श्रोतेहो.

दत्तवाडीत राहणाऱ्या आणि चार घरी स्वयंपाक करून संसार चालवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मध्यंतरी आपले आयुष्मान कार्ड माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “मॅडम, यात पाच लाख आहेत म्हणतात. त्यातले महिन्याला दीड हजार माझ्या साखरेच्या गोळ्यांकडे वळते करता येतील का?” पुण्यातील एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी बरीच वर्षे काम केले असल्यामुळे योजनेचे नियम मला पाठ आहेत, तरीही ‘नाही’ एवढा एक शब्द उच्चारायला मला वेळ लागला. सरकारी आरोग्य विम्यातील सुधारणांनी सामान्य माणसाचे भले होते की नुकसान, हा आजचा विषय आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर मला त्या बाईंच्या प्रश्नातच सापडते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर, म्हणजे पुण्यातही, लागू झाली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशी तिची रचना होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या नावाबरोबर मला नेहमी सावित्रीबाईंची आठवण होते. १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी चालवलेल्या दवाखान्यात रुग्णांची ने-आण करताना सावित्रीबाईंना स्वतःला लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. पुण्याला सार्वजनिक आरोग्याचा एवढा जुना आणि एवढा महागात पडलेला वारसा आहे.

पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजेच आयुष्मान योजना, कुटुंबामागे ५ लाखांची मर्यादा घेऊन आली, १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या, आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने अशी घोषणा केली की पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह सर्वच कुटुंबांना ५ लाखांचे संरक्षण मिळेल, उपचारांची संख्या १,३५६ होईल आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर जाईल. २०२४ मध्ये हा विस्तार अमलात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, केंद्राच्या योजनेत घेण्यात आले. कोथरूडमधला निवृत्त कारकून आणि जनता वसाहतीतला बिगारी कागदावर एकाच रांगेत आले, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

मात्र ५ लाख हा आकडा ऐकताना आपली एक गल्लत होते. ती मर्यादा आहे. ती रक्कम कोणाच्या खात्यावर जमा होत नाही. रुग्णालयाला मिळते ते त्या-त्या उपचारासाठी ठरवून दिलेले पॅकेज, आणि त्यात खाट, शस्त्रक्रिया, भूल, तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे एसटीचे भाडे आणि घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांची देखभाल हे सारे धरलेले असते. मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली म्हणून मोडलेल्या हाडावरच्या शस्त्रक्रियेचा दर तिप्पट होत नाही. ज्या घरात कर्करोगासारखे लांबणारे दुखणे आहे, किंवा एकाच वर्षी दोघे अंथरुणाला खिळले आहेत, त्या घराला वाढीव मर्यादेचा खरा उपयोग होतो. बाकीच्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो पॅकेजचा दर, आणि तो दर वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधी येत नाही.

दर परवडत नाही असे रुग्णालयाला वाटले, तर ते उघड नकार देत नाही. “योजनेची खाट सध्या शिल्लक नाही,” असे सांगितले जाते. माझ्या स्वतःच्या मावसभावाला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा आम्ही त्याला ज्या खासगी रुग्णालयात नेले, त्याच्या दर्शनी भागात योजनेचा फलक लावलेला होता. आत गेल्यावर कळले की ते रुग्णालय हाडांच्या आणि मूत्रविकारांच्या उपचारांपुरते अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट, होते, हृदयासाठी नव्हते. फलकावर तेवढा एक शब्द लिहिला असता, तर आमचा पाऊण तास वाचला असता. दुसऱ्या रुग्णालयात योजना लागू होती, पण तेथे आमच्यापुढे दोन स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळ्यांची, तुलना मांडण्यात आली: एक योजनेतला, आणि दुसरा ‘जास्त चांगला’, ज्याच्या फरकाची रक्कम आम्ही भरायची आणि स्वखुशीने भरल्याची सही द्यायची. नियमांची माहिती असलेली मी समोर उभी होते, म्हणून तो विषय तेथेच मिटला. पण मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ‘चांगला’ या शब्दाशी वाद घालता येत नाही.

या जागी आणखी एक गोष्ट नोंदवते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली आणि औषधलेपित स्टेंट सुमारे ३० हजार रुपयांवर आला. त्यासाठी कोणाला कार्ड काढावे लागले नाही, की आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीशी ताटकळावे लागले नाही. किमतीचे नियंत्रण हीदेखील आरोग्य विम्याइतकीच मोठी सुधारणा आहे, आणि तिची चर्चा विम्याच्या गजरात हरवते, अशी माझी तक्रार आहे.

आता रुग्णालयांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती केवळ बहाणेबाजी नाही. रुग्ण घरी जातो, कागदपत्रे चढवली जातात, त्रुटी निघतात, आणि दाव्याची रक्कम हाती येईपर्यंत औषधविक्रेत्याची उधारी व परिचारिकांचे पगार रुग्णालयाला आपल्या खिशातून भागवावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खासगी रुग्णालयांनी थकीत रकमांसाठी आयुष्मान योजनेखालील सेवा थांबवल्या होत्या. वीस-तीस खाटांच्या रुग्णालयाला एवढी उधारी झेपत नाही. दुसरीकडे, ढिलाईचा फायदा घेणारेही आहेत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात केंद्राच्या योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले, आणि तो क्रमांक म्हणजे ओळीने दहा वेळा नऊ. तेव्हा पूर्वमंजुरी, ई-केवायसी आणि छायाचित्रे हा सगळा व्याप उगाच वाढलेला नाही. फक्त त्याचा भार लबाडावर पडण्याऐवजी, ज्याच्या शिधापत्रिकेवर नाव एक आणि आधारवर दुसरे आहे अशा माणसावर पडतो. लग्नानंतर नाव बदललेल्या किती तरी बायका या एका कारणासाठी खिडकीवरून परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्या बाईंच्या गोळ्यांकडे परत येते. योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, मधुमेह व रक्तदाबाची रोजची औषधे, दर तीन महिन्यांनी करायच्या रक्ताच्या चाचण्या तिच्यात येत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, जरी तिचे सगळे श्रेय विम्याला देता येणार नाही. पण शंभरातले जे ३९ रुपये उरले आहेत, त्यांतला बराच भाग औषधाच्या दुकानात आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, आणि तेथे हे कार्ड चालत नाही. मधुमेहाची गोळी चुकली म्हणून पुढे पाय कापायची वेळ आली, तर त्या शस्त्रक्रियेला मात्र योजना पैसे देईल. या रचनेत काही तरी उलटे आहे, हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

म्हणूनच १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले, हा निर्णय मला विम्याच्या वाढीव मर्यादेहून अधिक मोलाचा वाटतो. त्याचा गाजावाजा कमी झाला. औंधच्या जिल्हा रुग्णालयाला तो लागू झाला. ससून रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाखाली असल्यामुळे त्या निर्णयाबाहेर राहिले, आणि पुण्याच्या गरिबांची तसेच सातारा, सोलापूरहून येणाऱ्या रुग्णांची सर्वांत मोठी गर्दी तर ससूनलाच असते. सरकारी रुग्णालयांनाही योजनेखालील दाव्यांचे पैसे मिळतात, त्यामुळे विमा आणि सरकारी रुग्णालय यांचे मूलतः वैर नाही. विम्याचा हप्ता भरला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे शासनाला वाटू लागले आणि रिक्त पदे तशीच राहिली, तर मात्र नुकसान सामान्यांचेच होईल. कारण खासगी रुग्णालयात खाट ‘शिल्लक नसते’ तेव्हा माणूस ससूनच्याच दारात येतो.

पुणेकरांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. या शहरातील अनेक मोठी रुग्णालये धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक न्यास कायद्याचे कलम ४१ कक आणि २००६ मधील उच्च न्यायालयाची योजना यांनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. विमा योजनेत आजार बसला नाही, तर या खाटेची मागणी लेखी करावी. आणि दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला ‘येथे योजना आहे का’ असे न विचारता ‘या आजारासाठी येथे योजना आहे का’ असे विचारावे. अडले तर १४५५५ हा निःशुल्क क्रमांक आहे.

माझे मत विचाराल तर ही सुधारणा हिताची आहे, पण ती अर्ध्यावर थांबलेली आहे. दाखल होण्याची वेळ आलेल्या माणसाला ती सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गेल्या दिवाळीनंतर त्या बाईंचे यजमान परांचीवरून पडले. मांडीच्या हाडात सळई बसवण्याची त्यांची शस्त्रक्रिया याच कार्डावर झाली आणि रुग्णालयात एक रुपयाही भरावा लागला नाही. त्यानंतर ते चार महिने घरी बसून होते. बाईंच्या साखरेच्या गोळ्या चालूच आहेत, आणि आता त्या पाच घरी स्वयंपाकाला जातात.