खुंटीवरचा सदरा

नमस्कार मंडळी. पोळा तोंडावर आलाय. कापसाला पाती-फुलं लागलीत, केळीवर करप्याची भीती आहे, आणि आमच्या यावल-चोपडा भागात सकाळी उजाडता उजाडता पंपांची घरघर सुरू होते.

या दिवसांत दवाखान्यात कुणी गरोदर बाई आली, की तपासण्याआधी मी एक प्रश्न विचारते. घरी फवारणी कोण करतं? उत्तर बहुतेक वेळा सासूबाईच देतात. "ती तं वावरात जातच नाही, डॉक्टरबाई. नुसते कपडे धुते."

मी अडते ती त्या 'नुसते'पाशी. आपण विषाला औषध म्हणतो, तिथूनच खरं तर गडबड सुरू होते. दिवसभर पाठीवर पंप घेतलेल्या माणसाचा सदरा त्या औषधानं भिजलेला असतो. घरी आल्यावर तो खुंटीवर जातो, सकाळी लेकराच्या झबल्यासोबत एकाच टोपल्यात पडतो, आणि सून तो उघड्या हातांनी चोळते. कीटकनाशक कातडीतून आत जातं. त्यासाठी वावरात जायची गरजच नाही.

आता ही सून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि पोटात मुलगी आहे असं धरा. त्या मुलीच्या अंडाशयात तेव्हाच साठ-सत्तर लाख बीजांडं तयार झालेली असतात. तिला आयुष्यभर पुरणारा साठा तोच, पुढं तो फक्त घटत जातो. म्हणजे त्या टोपल्यापाशी आई बसली आहे, लेक बसली आहे आणि लेकीच्या पोटी येणाऱ्या नातवाचं बीजही बसलं आहे. तुमचंही तसंच झालंय बरं का. तुम्ही ज्या बीजांडातून आलात, ते तुमच्या आजीच्या पोटात तयार झालं होतं.

कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायांची लघवी तपासून, त्यात ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे किती अंश आहेत ते पाहिलं गेलं. आपल्याकडचं क्लोरपायरीफॉस याच गटातलं. लेकरं सात वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिमापन चाचणी घेतली. ज्यांच्या आयांच्या लघवीत हे अंश सर्वात जास्त होते, ती लेकरं सर्वात कमी अंश असलेल्यांपेक्षा सरासरी ७ गुणांनी मागे होती. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

विषच लागतं असंही नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ विचारा. खडी फोडणं, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, सगळं आठवेल. पण त्या वर्षी कोण कुणाच्या पोटात होतं, हे आपण कधी विचारत नाही. हॉलंडमध्ये ते विचारलं गेलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी अन्न अडवलं आणि पश्चिम हॉलंडमधली माणसं दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली आली. त्या उपासमारीत गर्भ राहिलेली मुलं मोठी झाल्यावर लठ्ठपणा आणि हृदयविकार त्यांच्यात जास्त दिसले. साठ वर्षांनंतर त्यांचं रक्त तपासलं, तर वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. ही भावंडं दुष्काळाच्या आधी किंवा नंतर पोटात राहिलेली.

या खुणा म्हणजे काय, हे केळीवाल्याला सांगायला सोपं आहे. बाग तीच, ठिबकच्या नळ्याही त्याच. कुठला व्हॉल्व्ह उघडा आणि कुठला बंद, एवढाच फरक. यातले बरेचसे व्हॉल्व्ह गर्भातच बसतात. त्यातले काही पुढच्या पिढ्यांतही तसेच राहतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसाच्या बाबतीत आईपासून लेकरापर्यंतचा पुरावा भक्कम आहे. नातवापर्यंतचा अजून गोळा होतोय.

आतापर्यंत मी बायकांबद्दलच बोलले, तर पुरुष मंडळी निवांत बसली असतील. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूलच होत नाहीये. ते सूत्रकृमी मारणारं एक रसायन बनवत होते. तपासणीत त्यांच्या वीर्यात शुक्राणू अगदी कमी निघाले, काहींच्यात तर एकही नाही. तेच रसायन मध्य अमेरिकेत केळीच्या बागांत वापरलं जायचं, आणि तिथले हजारो मजूर वांझ झाले. हो, वांझ. हा शब्द आपण बाईसाठीच राखून ठेवलाय. दवाखान्याच्या कागदावर नवऱ्यापुढं 'शेती' एवढंच लिहितात आणि मूल अशक्त निघालं तर बोलणी सुनेला बसतात. मला याचा मनापासून राग येतो.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून घरात पाळणा हलावा असं मनात असेल, तर आधीचे तीन महिने त्या गड्यानं पंपापासून लांब राहावं. डब्यावरचा तिरका चौकोन बघा. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर विष सर्वात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा. गरोदर बाईनं त्यांना हातही लावू नये. आणि रिकाम्या डब्यात पाणी, तेल काही भरू नका, कितीही धुतला तरी.

तिकडं धडगाव-अक्कलकुव्यात चुलीचा धूर आणि अर्धपोटी बाळंतपण हा प्रश्न आणखी वेगळा. त्यासाठी पुन्हा कधीतरी येईन.

मागच्या महिन्यात ती सून परत आली, या वेळी नवऱ्याला घेऊन. "आता मोटारीवर आंघोळ करूनच घरी येतो," तो म्हणाला.

सासूबाईंनी मागून विचारलं, "आन् सदरा?"

"तोही तिथंच धुतो."

"कोन धुतो?"

"मीच."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.