बंबाची नळी

(कोथरूडमधल्या एका सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत डिसेंबरच्या एका संध्याकाळी दिलेलं हे व्याख्यान. बोलण्याची भाषा ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. मला इथे व्याख्याता म्हणून बसवलंय, पण मी गिझर दुरुस्त करणारा माणूस आहे. एकतीस वर्षं बाथरूममध्ये स्टुलावर उभं राहून काम केलं, खुर्चीत बसून बोलायची ही पहिलीच वेळ. तेव्हा गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

सुरुवात बंबापासून करतो, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी बंब पेटवलेला असणार. आमच्या घरचा बंब कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेला. बाहेरून तांब्याचं भांडं, मधून आरपार नळी. नळीत कोळसे नाहीतर ढलप्या, भोवती पाणी. खाली राख पडायची, वरून धूर निघायचा. आई त्याला आंघोळीच्या वेळी मोरीत कधीच ठेवू देत नसे. अंगणात पेटवायचा, तापलेलं पाणी बादलीतून आत आणायचं. का, असं विचारलं तर म्हणायची, "डोळे झोंबतात." एवढं पुरेसं होतं. ही नळी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

भिंतीवरचा गॅस गिझर म्हणजे तोच बंब, फक्त भांड्याच्या जागी तांब्याची कॉइल, म्हणजे वेटोळं, त्यातून पाणी जातं, आणि कोळशाच्या जागी गॅस. त्यात पाणी साठत नाही. 'सहा लिटरचा गिझर' म्हटलं की लोकांना वाटतं आत सहा लिटरची टाकी आहे. तसं नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवेल, असा त्याचा अर्थ. मे महिन्यात टाकीतलं पाणीच तीस अंशांचं असतं, म्हणून चटका बसतो. आज सकाळी तुमच्या गच्चीवरचं पाणी सोळाच्या आसपास असणार, त्यात २५ मिळवा, कोमट वाटणारच. डिसेंबरात मला येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे हेच असतात, "गिझर तापवत नाही हो." मी फोनवरच सांगतो, नळ थोडा बारीक करा. पाणी हळू गेलं की जास्त तापतं. व्हिजिट फी बुडते, पण जिना वाचतो.

आता खरं दुखणं. गिझर बिघडला की आधी झाकण उघडू नका, ऐका. नळ सोडला की ठरलेल्या क्रमाने आवाज येतात. पहिला बारीक 'टिक': पाण्याच्या जोराने वॉटर व्हॉल्व्हमधला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, उचलला, त्याने दांडी ढकलली, दांडीने मायक्रोस्विच दाबला. दुसरी 'टरटरटर', म्हणजे ठिणगी. जवळजवळ त्याच वेळी 'टक', गॅसचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडला. आणि मग 'भप्', ज्योत पेटली. ही साखळी जिथे तुटते तिथे रोग. वैद्य जशी नाडी बघतो तसंच, फक्त ही नाडी घरातलं शेंबडं पोरही बघू शकतं.

'टिक'च येत नसेल तर गॅस आणि सेल विसरा, दुखणं पाण्याचं आहे. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण पुण्यात निम्मे रोग इथलेच. पाणी आत शिरतं तिथे नटाच्या आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा ती भरते. आणि सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी हमखास भरते! एकदा एका सोसायटीतून सकाळी सात फोन, सातही एकाच इमारतीतले. मी चेअरमनना विचारलं, काल टाकी धुतली का? ते म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? सात जाळ्या काढल्या, टूथब्रशने घासल्या, संपलं काम. हे तुम्ही स्वतः करू शकता. पाण्याचा कॉक बंद करा, नट सोडवा, जाळी धुवा, वॉशर नीट बसवा.

दुसरं, वरचा मजला. दहा फूट उंचीचं पाणी चौरस सेंटीमीटरला साधारण ०.३ किलोचा दाब देतं, आणि बऱ्याच गिझरना पेटायला जवळपास तेवढा लागतोच. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्याच्या जेमतेम वर, त्यात शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली. मग गिझर पेटणार कसा? अशा घरी लोक गिझर बदलतात. दोन बदलतात. तिसऱ्यांदा मला बोलावतात, आणि मी म्हणतो, गिझर उत्तम आहे, तुमची टाकी बुटकी आहे. उपाय म्हणजे प्रेशर पंप, नाहीतर शॉवर सोडून खालचा नळ.

तिसरं, मिक्सर, म्हणजे गरम-थंड मिसळणारा नळ. गरम सोडलंय, गिझर पेटलाय, आणि आपण थंडही भरपूर सोडतो. थंड पाण्याचा जोर गरमला मागे रेटतो, डायफ्रॅम खाली बसतो, गिझर विझतो, आणि अंगावर बर्फ. हा गिझरचा दोष नाही, आपल्या हाताचा आहे. इतकं सगळं ठीक असूनही टिक नसेल तर डायफ्रॅम फाटला किंवा कडक झाला. तो स्वस्त असतो, पण बदलणं मेकॅनिकचं काम.

टिक आली, पण टरटर नाही किंवा रडतखडत आली, तर सेल. दोन मोठे सेल असतात, टॉर्चचे. लोक रिमोटचे सेल लगेच बदलतात, गिझरचे मात्र "मागच्या वर्षीच घातलेत." काढून बघा, टोकांवर हिरवट-पांढरा थर असतो. बाथरूमची वाफ ती. पॉलिश पेपरने पत्र्या घासा, चांगले सेल घाला.

ठिणगी जोरात आहे पण भप् नाही, तर गॅस पोचत नाही. लगेच गिझरवर संशय घेऊ नका. एकाच सिलिंडरवर शेगडी असेल तर शेगडी पेटवून बघा. तिचीही ज्योत मलूल असेल तर दुखणं सिलिंडरचं किंवा रेग्युलेटरचं. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ चालू-बंद करावा लागतो. आणि थंडीत, सिलिंडर संपत आला की, आतल्या द्रवाची वाफ व्हायला उष्णता कमी पडते. अशा वेळी सिलिंडर आडवा करणारे, गरम पाण्याच्या टबात बसवणारे पराक्रमी लोक मी पाहिलेत. कृपा करा, आडवा केला की रेग्युलेटरमधून द्रव गॅस येतो. त्यापेक्षा सिलिंडर बदला.

आता पाइपचा गॅस घरोघरी आलाय. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात अडीच-तीन पट उष्णता असते, म्हणून जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोंडांची, भोकं वेगळी. सिलिंडरचा गिझर पाइपला तसाच जोडला तर नुसता मिणमिणतो. उलटं केलं तर हातभर पिवळी ज्वाळा! जेट बदलल्याशिवाय जोडून देणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो? ज्योतीत एक पिन असते, ज्योत आहे की नाही हे ती ओळखते. तिच्यावर काजळी बसली की तिला ज्योत दिसत नाही आणि ती गॅस तोडते. बिचारी आपलं काम करते. ती घासली की झालं. मात्र बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नाही. अनेक गिझरमध्ये तसा टायमर मुद्दाम असतो. एका काकूंनी तो "काढून टाका" म्हणून मला दुप्पट पैसे देऊ केले होते. मी त्यांना म्हटलं, काकू, वीस मिनिटांत गणपतीची मूर्तीसुद्धा धुऊन होते.

'भप्'च्या जागी 'धडाम' होत असेल तर वापर थांबवा. ठिणगी उशिरा पडतेय, तोवर गॅस साचतोय. आणि नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहिली तर पळत जाऊन गॅसचा कॉक बंद करा. दांडी अडकलीय, कॉइलमध्ये पाणी उकळतंय. वास आला तर साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून नव्हे. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ नंबर आहे, तो फ्रिजवर लिहून ठेवा. नारिंगी रबरी नळी पाच वर्षांनी बदला, तारीख तिच्यावरच छापलेली असते.

बोअर आणि टँकरवाल्या भागात कॉइलमध्ये क्षार बसतो, गिझर घोंगावतो, धार बारीक होते. सायट्रिक ॲसिडने धुऊन घ्या. आणि कोळी! बर्नरच्या तोंडात जाळं करायला त्यांना फार आवडतं. हवा कमी पडते, निळी ज्योत पिवळी होते, कॉइल काळी पडते. पिवळी ज्योत दिसली की सर्व्हिसिंग, उद्यावर ढकलायचं नाही.

इथपर्यंत सगळे आवाजाचे किंवा डोळ्यांना दिसणारे रोग झाले. आता जो सांगणार आहे तो मला पंधरा वर्षं कळला नव्हता.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार मुली राहायच्या. गिझर मध्येच विझतो, अशी तक्रार. मी पिन घासली, सेल बदलले, ज्योत बघितली. निळी, स्वच्छ. निघताना एक मुलगी म्हणाली, "काका, आंघोळ केली की माझं डोकं दुखतं, मळमळतं. पित्त झालंय बहुतेक." मी म्हटलं, रात्री जागता, पोहे खात नाही, पित्त होणारच. सगळे हसलो. आठवड्याने तीच मुलगी आत कोसळली. मैत्रिणींनी कडी तोडून बाहेर काढली म्हणून वाचली. मी परत गेलो, गिझर चालू केला, पुन्हा निळी स्वच्छ ज्योत. दोष काहीच नाही. मग वर बघितलं. खिडकीला बाहेरून ॲक्रिलिकचा पत्रा स्क्रूने बसवलेला. कबुतरं येतात म्हणून.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मेकॅनिक गिझर नेहमी दार उघडं ठेवून तपासतो, पाच मिनिटं. तुम्ही तो दार लावून वापरता, पंधरा मिनिटं. आम्ही आहोत तोवर तो रोग दिसणारच नाही!

हिशोब करू. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलोला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत दोन घनमीटर. तुमचं बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट, आतली सगळी हवा साडेपाच घनमीटरही नाही. दहा मिनिटांत एक तृतीयांशाहून जास्त हवा गिझरने खाल्ली आणि जळका वायू तिथेच सोडला. ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळेना की ती अर्धवट जळते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणूस म्हणतो पित्त, आणि दार उघडायचं बळ राहत नाही.

बंबाचा धूर झोंबायचा, म्हणून आईने त्याला बाहेर ठेवलं. गॅसचा धूर दिसेना म्हणून आपण नळीच काढून टाकली आणि बंब आत आणला. तुमची मुलं लंडनला आहेत ना? त्यांच्या बॉयलरची नळी भिंतीतून बाहेर काढलेली बघून या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला गॅसची तपासणी दरवर्षी करून घ्यावीच लागते, तसा तिकडे कायदा आहे.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की आधी खिडकी बघतो. लूव्हरच्या काचा आहेत की पक्की काच, थंडीसाठी थर्माकोल लावलाय का, दाराखाली फट आहे का. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. हवा बाहेर जायला आत यायलाही वाट हवी. आणि विचारतो, आंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखतं का? हो म्हटलं की झाकण न उघडताच सांगतो, गिझर ड्राय बाल्कनीत हलवा, गरम पाण्याची लाइन तेवढी आत घ्या. प्लंबरचा एका दिवसाचा खर्च आहे.

काय म्हणालात आजी? "तोवर काय दार उघडं टाकून आंघोळ करायची?"

नाही आजी. दार सताड उघडं ठेवून बादली भरा. दुसरी हवी असेल तर तीही भरा. गिझर बंद करा, गॅसचा कॉक बंद करा, दोन मिनिटं तसंच दार उघडं राहू द्या. मग आत जा आणि कडी लावा. शॉवर महिनाभर नाही मिळाला तरी चालेल, आपण सगळे तांब्यानेच वाढलोय.